किल्ली कोणाच्या हाती?

आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप गेली अकरा वर्षं मी चालवतो. हे काम मला कोणी रीतसर दिलेलं नाही. आधीचे गृहस्थ मुलाकडे राहायला गेले आणि जाताना 'दोन दिवस बघा' म्हणून किल्ली माझ्या हातावर ठेवून गेले. ते दोन दिवस अजून संपायचे आहेत. 'आज पाणी छान आलं हो' असं अकरा वर्षांत कोणी म्हणाल्याचं आठवत नाही. पाच मिनिटं उशीर झाला की मात्र तिसऱ्या मजल्यावरून माझ्या नावाचा पुकारा होतो. त्यामुळे नव्याने राहायला आलेला एक तरुण परवा 'काका, पंप मी बघू का?' म्हणाला, तेव्हा मला त्याची दृष्टच काढावीशी वाटली.

पण पुतण्याने खोडा घातला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे.

"काका, अनोळखी माणसाला किल्ली? एक्सझेडचं काय झालं ठाऊक आहे ना?"

मला वाटलं, एक्सझेड ही मोटारसायकल असावी. पण निघाली ती लायब्ररी. ही लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या प्रोग्रॅमांनी उसनं न्यावं असं तयार हत्यार. अंथरुणाची वळकटी करावी तशी ही एक्सझेड मोठी फाइल आवळून लहान करते. सगळा मामला उघडा आणि फुकट. जगभरच्या लिनक्स यंत्रांत ती असते आणि सांभाळणारा मात्र बरीच वर्षं एकटा : फिनलंडचा लासे कोलिन.

२०२१ साली 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी त्याला मदत पाठवू लागला. चोख काम, गोड भाषा. दुसरीकडून काही मंडळींनी तगादा लावला, 'काम फार मंद चाललंय, दुसऱ्या कोणाला तरी द्या!' कोलिनने २०२२ मध्ये सांगून पाहिलं की आपलं मनाचं दुखणं जुनं आहे आणि हे काम बिनपगारी, हौसेचं आहे. तगादा थांबला नाही. हळूहळू किल्ल्या टॅनकडे गेल्या. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्याने लायब्ररीत एक चोरदरवाजा बसवला. तगादेवालेही त्याच टोळीतले असावेत, असा पुष्कळांचा संशय आहे. टॅन खरा कोण, हे उघड झालेलं नाही.

चोरी पकडली आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरने. दूरच्या यंत्रात शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्यावरून! २९ मार्च २०२४ ला त्याने जगाला सावध केलं. हे ऐकून मला आमचे जुने हेडकॅशियर आठवले. कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक आला की ते घरी जात नसत. 'खिशातले टाका आणि चला,' असं कोणी म्हटलं, तर म्हणत, "दहा रुपये माझ्याकडेही आहेत हो. पण ते गेले कुठे?"

आता चूक कोणाची? पुतण्या म्हणतो, अनोळखी माणसावर विश्वास ठेवणाऱ्याची. मला हे पटेना. आमच्या बँकेत क्लार्कचं प्रोबेशन सहा महिन्यांचं असतं. या टॅनने दोन वर्षांहून जास्त केलं! आणि जन्मभर कोणालाच किल्ली न देणारा माणूस एक दिवस किल्लीसकटच जातो. मग पाणी कोणी सोडायचं?

बँकेत तिजोरीला किल्ल्या दोन, दोघांकडे. नवा होतो तेव्हा मला यात अपमान वाटायचा. वाटे, बँकेचा आपल्यावर विश्वास नाही. पुढे एकदा तापाने फणफणलो असताना कॅश मोजत होतो. दुसरी किल्लीवाले साहेब म्हणाले, "बसा, मी पुन्हा मोजतो." तेव्हा कळलं की दुसरी किल्ली चोरापेक्षा थकलेल्या माणसासाठी जास्त असते. कोलिनला 'बसा, मी मोजतो' म्हणणारा जो एकच भेटला, तोच चोर होता. जे लाखो लोक त्याची वळकटी फुकट वापरत होते, त्यांच्यातल्या कितीजणांनी 'बरे आहात ना?' म्हणून विचारलं असेल? पुढे घर झाडून स्वच्छ केलं तेही त्या कोलिननेच.

मी पुतण्याचं अर्धं ऐकलं. किल्ली तरुणाला दिली, पण आधी तिची जोड करून घेतली. एक आठवडा तो, एक आठवडा मी. टाकीची पातळी मात्र दोघांनीही बघायची आणि वहीत सही करायची. सही बघून तो हसला. पण करतो.

परवा पाणी पाच मिनिटं उशिरा आलं. तिसऱ्या मजल्यावरून पुकारा झाला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यात दोन नावं होती.