भावनेला शब्द नसतात, की गिऱ्हाईक नसतं?

मी पोटासाठी कोड लिहितो. आमच्या घोडेगावच्या घरात मात्र हा शब्द दबक्या आवाजात येतो, कारण आत्याच्या हातांवर आणि ओठांभोवती कोड आहे.

पीटर सिफनिऑस या मानसोपचारतज्ज्ञाने 1970च्या दशकात 'अलेक्सिथायमिया' हा शब्द आणला. ग्रीकमधला अर्थ साधारण असा, की भावनेला शब्द नसणं. ते मोजायला टोरांटोची 20 विधानांची प्रश्नावली आहे आणि त्वचारोगाच्या पेशंट्सवर ती बरीच वापरतात. आत्याने भरली तर आकडा भलताच वर जाईल. डॉक्टरांनी "त्रास काय होतो?" विचारलं की ती म्हणते, "काही नाही." तसं ते खरंही आहे. कोड सहसा दुखत नाही आणि त्याची लागणही होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते. (तरी आपण त्याला 'श्वेतकुष्ठ' म्हणून मोकळे!)

मग आत्याला स्वतःचं मन कळत नाही का? मला नाही पटत. भर मे महिन्यात ती लांब बाह्यांचा ब्लाऊज घालते. लग्नात फोटोची हाक आली की वाढायच्या निमित्ताने पंगतीकडे सटकते. इतकं नेमकं टाळायला स्वतःची नेमकी माहिती लागते. ती बोलत नाही, कारण जुन्नर-आंबेगावात स्थळ बघताना जमीन किती, पाणी कुठलं, हे झालं की "घराण्यात कुणाच्या अंगावर काही?" हेही विचारतात. तिच्या बोलण्याची किंमत भाच्यांना पडते.

पण या गप्प राहण्याला समंजसपणा म्हणणं आम्हा घरच्यांच्याच सोयीचं आहे. वर्षानुवर्षं लोकांना "काही नाही" सांगणारा माणूस हळूहळू स्वतःलाही तेच सांगतो. झोप उडते, भूक मरते, आणि ते उष्णतेवर ढकललं जातं.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी, स्वतःला कोड असताना, श्वेता असोसिएशन सुरू केली. तिथे कोड असलेले लोक एकमेकांशी बोलतात, त्यांचे वधू-वर मेळावेही होतात. तिथे शब्द सापडतात, कारण बोलणं महाग पडत नाही. म्हणजे कमतरता मोजायचीच तर ऐकणाऱ्यांचीही मोजावी लागेल.

सध्या माझ्यासाठी स्थळं बघतायत. कोडाचं आधीच सांगावं, या मताचा मी आहे. पण खरेपणा माझा आणि अंग तिचं. सांगायचं की नाही यावर घरात सगळे बोलले, तिला अजून कुणी विचारलेलं नाही.