खोटं असेल तर कसं कळेल?



केसपुत्तच्या कालामांची अडचण आपल्या ओळखीची आहे. येणारा प्रत्येक श्रमण स्वतःचं मत मिरवी, दुसऱ्याचं खोडून काढी. भगवंतांनी सांगितलं, परंपरा आहे म्हणून नको, ग्रंथात आहे म्हणून नको, 'हे आमचे गुरू' म्हणूनही नको, स्वतः पडताळा.

पडताळायचं कसं? आमच्या सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला एक प्रश्न उपयोगी पडतो: हे खोटं असेल, तर कशावरून कळेल? "नवसामुळे व्हिसा मिळाला." नाही मिळाला, तर श्रद्धा कमी पडली! काहीही झालं तरी दावा शाबूत. मग त्यात तपासणार काय?

नवसाला हसणं सोपं आहे. आपल्याच ग्रुपवर दर १४ एप्रिलला फिरतं, "कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना जगात पहिल्या क्रमांकाचे विद्वान ठरवलं." हे मात्र तपासता येतं. २००४ मध्ये, २५० व्या वर्षानिमित्त, विद्यापीठाने काळाच्या पुढे असलेल्या आपल्या माणसांची यादी केली. बाबासाहेब त्यात आहेत. पण ती कोलंबियाशी जोडलेल्यांची यादी, जगातल्या विद्वानांची क्रमवारी नव्हे.

इथे वाढलेली आपली मुलं हे दोन मिनिटांत शोधतात. एक गोष्ट फुगवलेली निघाली, की महाडच्या सत्याग्रहावरही शंका घेतात. तेव्हा यंदा तो संदेश आला, तर मुलांना शेजारी बसवा, यादी उघडा आणि दुरुस्त करूनच पुढे पाठवा.