दयेचे देणे कोणी फेडायचे?

शिर्डीला तर्खडबाई जेवायला बसल्या असताना दारात भुकेले कुत्रे आले. त्यांनी त्याला भाकरीचा तुकडा घातला आणि पुढे मशिदीत साईबाबांनी आपले पोट भरल्याचे त्यांना सांगितले. श्रीसाईसच्चरिताच्या नवव्या अध्यायातली ही कथा नगर जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे. मात्र ग्रंथकर्ते हेमाडपंतांनी त्याच अध्यायात कुत्र्याबरोबर मांजर, डुक्कर, गाय आणि माशीचेही नाव घेतले आहे. या सर्वांत मीच आहे, असे बाबा सांगतात. दारातल्या कुत्र्याला तुकडा घालताना या यादीची आठवण नसली तरी चालते, कारण ते दान क्षणात संपते. तेच कुत्रे घरात राहायला आणायचे असेल, घरात आधीपासून एखादे मांजर, म्हातारे कुत्रे किंवा अंगणात कोंबड्या असतील, तर मात्र ही यादी समोर ठेवूनच विचार करावा लागतो. कुत्र्यात देव आहे म्हणून त्याला आत घेतले आणि त्याच्या धाकाने मांजर दिवसभर कपाटावर बसून राहिले, तर मांजरातल्या देवाचे आपण काय केले? माझे म्हणणे असे की दयेची किंमत दया करणाऱ्यानेच मोजायला हवी. ती घरातल्या दुसऱ्या मुक्या जिवाकडून वसूल झाली, तर त्या कृतीला भूतदया म्हणता येणार नाही.

हे म्हणणे नवे नाही. महाभारताच्या वनपर्वात शिबी राजाच्या मांडीवर ससाण्याला भ्यालेले कबुतर येऊन बसते. राजा त्याला अभय देतो, तेव्हा ससाणा विचारतो की माझ्या तोंडचा घास काढून तू कोणता धर्म करतोस? मी आणि माझी पिल्ले उपाशी मेलो, तर ते पाप कोणाचे? राजा हा प्रश्न उडवून लावत नाही. ससाण्याला उपाशी ठेवणे त्याला मान्य नाही; आधी तो दुसऱ्या जनावराचे मांस देऊ करतो, पण ससाणा ते नाकारतो. तेव्हा तो स्वतःचे मांस कापून तराजूत टाकतो. हीच कथा जैन परंपरेत शांतिनाथांच्या पूर्वजन्मातल्या मेघरथ राजाची म्हणून सांगतात, बौद्धांनी ती जातकात घेतली, आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिबी चितारलेला आहे. एरवी एकमेकांशी वाद घालणाऱ्या तीन परंपरांनी एकच कथा जपली, यावरून तिच्यातला प्रश्न किती खरा होता हे दिसते. ज्यांच्या नावाने आता हा जिल्हा ओळखला जातो, त्या चौंडीच्या अहिल्याबाईंबद्दलची ब्रिटिश अधिकारी माल्कमची नोंदही याच वळणाची आहे. शेतकरी पाखरांना शेतातून हाकलत, हे पाहून बाईंनी पाखरांसाठी उभ्या पिकाची शेते विकत घेतली. पाखरांना हाकलू नका असा हुकूम सोडणे त्यांना सहज शक्य होते. पण मग दया राणीची आणि नुकसान कुणब्याचे, असा प्रकार झाला असता.

युधिष्ठिराचा दाखला तर कुत्र्यासाठी नेहमीच दिला जातो. स्वर्गाच्या वाटेवर सोबत आलेल्या कुत्र्याला सोडायला त्याने नकार दिला, एवढे सर्वांना आठवते. त्या संवादातला खरा कस पुढे आहे. इंद्र त्याला टोचतो की भावांना आणि द्रौपदीला वाटेत सोडून आलास, मग कुत्र्याचाच एवढा आग्रह का? युधिष्ठिर उत्तर देतो की ते मेल्यावर मी त्यांना मागे ठेवले, जिवंत असताना नाही. म्हणजे आपल्यावर विसंबलेला जीव जिवंत आहे तोवर त्याला टाकायचे नाही, हे त्याचे व्रत. हे व्रत नव्या कुत्र्याला लागू होते, तसेच घरातल्या जुन्या मांजरालाही लागू होते. किंबहुना मांजराला आधी, कारण त्याला दिलेला शब्द आधीचा आहे.

आता ही किंमत म्हणजे नेमके काय, ते पाहू. घाबरलेले मांजर बहुधा भांडत नाही, ते लपते, भलत्या जागी लघवी करते आणि खाणे सोडते. अंगाने भरलेल्या मांजराने काही दिवस अन्न सोडले, तर त्याच्या यकृतात चरबी साचून ते दगावू शकते. म्हणजे माणसाला जो रुसवा वाटतो, तो त्या जिवाच्या मुळावर आलेला असतो. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याच्या अंगात पार्व्हो किंवा डिस्टेंपर असेल, तर तो दिसायला एक-दोन आठवडे जाऊ शकतात. पार्व्होचा विषाणू अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि लस न दिलेल्या घरच्या कुत्र्याला गाठतो. पळत्या जिवामागे धावणे कुत्र्याच्या रक्तात आहे, आणि पळणे कोंबडीच्या. म्हणून जाणकार पशुवैद्य सांगतात की नव्या कुत्र्याला निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, आधी एकमेकांचा वास ओळखीचा होऊ द्या, मग दाराआडून आणि नंतर पट्ट्यात धरून भेट घडवा, जेवण कायम वेगवेगळ्या जागी द्या. या सगळ्याला लागतो तो माणसाचा वेळ, माणसाची झोप आणि माणसाचे पैसे. आपल्या घरांतले हे शिबीचे मांस.

आपल्या जिल्ह्यात हा हिशेब उलट दिशेनेही चुकतो. अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास करून २०१६ साली जे मांडले, ते प्रत्येक वस्तीवर वाचले जायला हवे. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या आहारात ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच होता. शेळ्यांना दिवसा राखण असते आणि रात्री त्या आत घेतल्या जातात, कुत्रे बाहेरच असते. उसाच्या कडेला मळ्यात राहणाऱ्या माणसाला बिबट्याची भीती असते आणि राखणीला कुत्रे हवे असते, यात काही गैर नाही. कुत्र्याने भुंकून सावध करावे, ही माणसाची आणि त्याची फार जुनी वाटणी आहे. पण रस्त्यावरून उचलून आणलेले कुत्रे रात्री गोठ्याबाहेर साखळीला बांधले, तर त्याला पळण्याचीही सोय उरत नाही. तिथे शेळ्यांची सुरक्षितता कुत्र्याच्या जिवावर विकत घेतलेली असते.

यावर वेदान्ताच्या बाजूने एक आक्षेप येईल. ज्ञानी माणूस गाय, हत्ती आणि कुत्रा यांच्याकडे समदृष्टीने पाहतो असे गीता सांगते, मग जुन्या मांजराचा हक्क आधी कसा? समदृष्टीचा अर्थ मी असा घेतो की मांजराचे भय आणि कुत्र्याची भूक दोन्ही सारख्याच खऱ्या मानायच्या. त्यामुळे आधी दिलेला शब्द रद्द होत नाही. नेवाशाला ज्ञानेश्वरांनी पसायदानात प्राणिमात्रांची एकमेकांशी मैत्री मागितली आहे. ती मागावी लागते, कारण आपोआप होत नाही. ‘राहू द्या एकत्र, आपसात जुळवून घेतील’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. रानात दुबळ्याला पळायला वाट असते, घरात दार आपण लावलेले असते.

याहून जड आक्षेप दुसरा आहे. इतक्या अटी घातल्या तर कुत्रे कोणी आणणारच नाही आणि ते नगर-मनमाड रस्त्यावर गाडीखाली मरेल. हे खरे आहे, आणि सावधगिरीच्या नावाखाली दार बंद ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांना मला या लेखातून सबब पुरवायची नाही. या अटी पैशाने फार मोठ्या नाहीत. एक वेगळी खोली नसेल तर पडवीचा आडोसा चालतो आणि रेबीजची लस महाग नाही. ज्यांना तेही जमणार नाही, त्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्याला पालिकेने ठरवलेल्या जागी रोज खाऊ-पाणी द्यावे, त्याच्या नसबंदीसाठी पालिकेच्या मागे लागावे. तीही दयाच आहे आणि तिचे ओझे कोणा मांजरावर पडत नाही. प्रयत्न करूनही दोघांचे जमलेच नाही, तर कुत्र्याला दुसरे चांगले घर शोधून देणे म्हणजे त्याला टाकणे नव्हे. गाडीतून नेऊन घाटात सोडणे म्हणजे टाकणे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात हा गुन्हा आहे, जरी पहिल्या गुन्ह्याचा दंड अवघा १० ते ५० रुपये असला. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात पालिकेकडे अर्ज करून भटकी कुत्री दत्तक घेण्याची मोकळीक दिली, तेव्हा ती परत रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी अर्जदारावरच ठेवली. युधिष्ठिराचे व्रत याहून वेगळे नव्हते.

तेव्हा कुत्रे जरूर आणा. आणण्याआधी घरातल्या जुन्या जिवाला त्याच्यापासून सुरक्षित अशी एक उंच किंवा बंद जागा करून द्या, घरच्या आणि नव्या, दोघांच्याही लसी टोचून घ्या, आणि बिबट्याच्या मुलखात राहत असाल तर रात्री कुत्र्याला छपराखाली, दार लावून झोपवा.