अकराशे बावन्न नामं

रामनामाच्या शालींचं काम रामनवमीच्या आधी माझ्याकडे हमखास येतं. दारव्ह्यात माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. कापडाची डिझाईनं त्यातूनच सुरू झाली. सहा इंचांचा चौकोन घ्यायचा, त्यात सोळा वेळा 'राम' बसवायचं आणि फोटोशॉपमध्ये 'ऑफसेट' लावायचं. चौकोन निम्म्याने सरकतो, कडा मधोमध येतात आणि जोड उघडा पडतो. अर्धा 'रा' इकडे, अर्धा तिकडे. तो जोड बुजवायचा, 'डिफाईन पॅटर्न' करायचं, की हवं तेवढं कापड भरून निघतं. 36 बाय 72 इंचांच्या शालीत असे 72 चौकोन. नामं झाली 1152, एका क्लिकमध्ये.

हा हिशेब ऐकून एका काकूंनी विचारलं, "मग हा जप कोणाच्या खात्यात रे? तुझ्या, की कम्प्युटरच्या?"

काकू लिखित जपाच्या वह्या भरतात. त्यांच्या वहीत रात्रीची पानं ओळखू येतात: 'म'चा दांडा लांबत जातो, ओळ खाली उतरते, मधेच एखादं नाम दोनदा गिरवलेलं. माझा सोळावा 'राम' आणि अकराशे बावन्नावा 'राम' यांत केसाचाही फरक नाही. म्हणून गिऱ्हाइकं म्हणतात, जरा हातचं वाटू द्या. मग मी काही अक्षरं दोन-तीन अंशांनी तिरपी करतो. ती डुलकी खोटी असते, हे मला ठाऊक आहे.

छापाला मात्र मी दोष देणार नाही. लाकडी ठशाने छापणाराही तेच ते उमटवतो. पण प्रत्येक वेळी ठसा उचलतो, जुळवतो, दाबतो. नाम कापडावर आणणारा मी काही पहिला नाही. छत्तीसगडमध्ये 1890 च्या दशकात परशुराम नावाच्या माणसाने रामनामी पंथ सुरू केला. देवळात शिरू न दिलेल्या त्या माणसांनी नाम अंगावर गोंदलं, कापडावर लिहिलं. त्यांच्या लेखी संख्या गौण होती. देऊळच त्यांनी अंगावर घेतलं होतं.

आपल्याकडे 13 कोटींचे संकल्प होतात, तेव्हा संख्येला मान आहेच. पण 108 मण्यांच्या माळेत मेरुमणी मुद्दाम मोठा ठेवतात, तो ओलांडत नाहीत, तिथून माघारी फिरतात. जोड दिसलाच पाहिजे, म्हणजे भरकटलेलं मन तिथे ठेचकाळतं. माझा धंदा नेमका उलटा: जोड दिसला की डिझाईन नापास. न अडखळता चालणाऱ्या आवृत्तीत चुकायची सोय नाही, आणि जिथे चुकायची सोय नाही तिथे जप नाही, असं माझं मत झालंय. तिबेटी लोक हातातलं मंत्रचक्र फिरवतात, तिथेही फिरवणारा हात लागतोच.

 

काकूंना मी सांगितलं, खात्यात कोणाच्याच नाही. जोड बुजवताना मी त्या अर्ध्या 'रा'कडे टक लावून बघत असतो, तेवढं एक नाम फार तर माझं धरा. बाकीची, शाल पांघरून कोणी वाचली तर त्याची.

आता काहीजण भरलेल्या जपाच्या वह्याच छापून मागतात. त्या मी देत नाही. शाल हवी तर जरूर या.