आकर्षण की आमिष?

ज्या नगराला समुद्राचा स्पर्श नाही, त्या नगरातील लोकांना जहाजाचे अप्रूप अधिक. बेंगळूर हे दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले. चेन्नईचे बंदर तेथून सुमारे ३५० किलोमीटर दूर. एखादे ग्रंथजहाज चेन्नईच्या धक्क्याला लागले, आणि बेंगळूरमधील एखादे मराठी ख्रिस्ती कुटुंब पहाटेच्या गाडीने मुलांसह ते पाहावयास निघाले, तर ते नेमके कशासाठी निघाले असे म्हणावे? ग्रंथांसाठी, की जहाजासाठी? मुले तरी जहाजासाठीच निघालेली असतात.

येथेच एक नैतिक प्रश्न उभा राहतो. जे केवळ कुतूहलाने आले, त्यांच्यापुढे ग्रंथ आणि ग्रंथांबरोबर शुभवर्तमान ठेवणे, हे आमिष दाखविणे नव्हे काय?

या जहाजांचा इतिहास वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. जॉर्ज व्हर्वर यांनी स्थापलेल्या ऑपरेशन मोबिलायझेशन या संस्थेने १९७० साली ‘लोगोस’ हे जहाज घेतले. ग्रीक भाषेत लोगोस म्हणजे शब्द. १९७१ साली ते लंडनहून भारताकडे निघाले. सुवेझ कालवा त्या वेळी बंद असल्यामुळे आफ्रिकेला वळसा घालून ते कोचीनला पोहोचले. पुढे १९७७ साली ‘डूलोस’, म्हणजे दास, हे दुसरे जहाज घेण्यात आले. ते १९१४ साली बांधलेले, आणि आरंभी अमेरिकेत कांद्यांसारखा माल वाहणारे होते. २००९ पासून ‘लोगोस होप’ हे काम करीत आहे. त्यावर सुमारे ५,००० प्रकारची पुस्तके असतात. त्यांत धार्मिक पुस्तके आहेत, तशीच विज्ञानाची, पाककलेची आणि बालवाङ्मयाचीही आहेत.

आता प्रश्नाकडे वळू. आमिष आणि आकर्षण यांत भेद आहे. आमिषाच्या आत गळ लपविलेला असतो. माशाला तो दिसला, तर आमिष निष्फळ होते. आकर्षणात लपविण्यासारखे काही नसते. आत काय आहे हे कळल्यावरही माणूस मोकळेपणाने आत येऊ शकतो आणि तितक्याच मोकळेपणाने परत जाऊ शकतो. जक्कय झाडावर चढला तो पश्चात्तापाने नव्हे, येशू कोण आहे हे पाहण्यासाठी. प्रभूने त्याच्या कुतूहलाचा धिक्कार केला नाही. उलट योहानकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात भाकरीसाठी शोधत आलेल्या लोकसमुदायाला त्याने त्यांचा हेतू स्पष्ट बोलून दाखविला, आणि पुढे कठीण वचने ऐकून अनेक जण निघून गेले, तेव्हा कोणाला अडविले नाही. कुतूहलाचे स्वागत, हेतूविषयी स्पष्टता आणि परत जाण्याची मोकळीक, या तीन कसोट्या त्यातून आपल्याला मिळतात. जे जहाज आपली ओळख लपवीत नाही, पाककलेचे पुस्तक पाककलेसाठीच विकते, आणि रिकाम्या हाताने उतरणाऱ्याशीही सौजन्याने वागते, ते आमिष दाखवीत नाही.

परंतु ही झाली जहाजाची जबाबदारी. पाहणाऱ्याची जबाबदारी जहाजावरून उतरल्यानंतर सुरू होते, आणि आपण बहुधा तेथेच उणे पडतो. बेंगळूरच्या महात्मा गांधी मार्गावरच बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मुख्य कार्यालय आहे. मराठी पवित्र शास्त्र हीच संस्था प्रसिद्ध करते. म्हणजे जहाजासाठी ३५० किलोमीटर जाणाऱ्या कुटुंबाच्या स्वतःच्या नगरात, स्वतःच्या मातृभाषेतील सर्वांत मोलाच्या ग्रंथाचे घर आहे. तो ग्रंथ घरात असेलही. पण कन्नड आणि इंग्रजी शाळेत वाढलेल्या मुलांना तो वाचता येतो काय?

मग तो प्रवास व्यर्थ म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. ग्रंथासाठी पहाटे उठावे, दूर जावे, रांगेत उभे राहावे, असे आईवडिलांना वाटते, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले तर ती शिकवण मोठीच आहे. मात्र ती पुरी करावयाची असते घरी, दिव्याखाली, मुलाला जवळ बसवून आणि अक्षरांवर त्याचे बोट फिरवून.

जहाजे टिकत नाहीत. ‘लोगोस’ १९८८ च्या जानेवारीत दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी खडकावर चढून निकामी झाले. सुदैवाने त्यावरील सर्व माणसे वाचली. ‘डूलोस’ आज इंडोनेशियातील बिनतान बेटावर, चक्क जमिनीवर, हॉटेल होऊन उभे आहे. लोकांना ओढून आणणाऱ्या गोष्टी अशाच काही काळासाठी असतात. त्यांनी ज्याच्यासाठी आपल्याला धक्क्यापर्यंत आणले, ते आपण घरी नेले काय, आणि नेले असल्यास उघडले काय, याचा हिशेब कप्तानाकडे मागता येणार नाही. तो आपणच द्यावयाचा आहे.