‘ओळखणे’ आणि ‘ठरवणे’

इंग्रजीतील ‘आयडेंटिफाय’ या क्रियापदाला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी झाड ‘ओळखतो’, सराफ सोने ‘पारखतो’, पाळतीवरचा माणूस सावज ‘हेरतो’, मुरलेला वैद्य दुखणे ‘ताडतो’, घरातली बाई तांदूळ ‘निवडते’ आणि शासकीय समिती लाभार्थी ‘निश्चित करते’. इंग्रजीतही ‘रेकग्नाइझ’, ‘डिस्टिंग्विश’, ‘डेझिग्नेट’ अशा छटा आहेतच. परंतु प्रशासनाच्या भाषेत त्या सर्व एका ‘आयडेंटिफाय’मध्ये विरघळून जातात. हे विरघळणे केवळ शब्दकोशाच्या चिंतेचा विषय आहे, असे मानण्याचे कारण नाही. माणसाच्या बाबतीत यांपैकी कोणते क्रियापद वापरण्याचा अधिकार कोणाला आहे, हा मूलतः नैतिक प्रश्न आहे.

ही क्रियापदे वस्तूविषयी जेवढे सांगतात, त्याहून अधिक ज्ञात्याविषयी सांगतात. ‘पारखणे’ हे ‘परीक्ष्’पासून आलेले, त्यात कसोटीचा दगड गृहीत आहे आणि तो दगड पारखल्या जाणाऱ्या वस्तूच्या बाहेरचा आहे. ‘हेरणे’ यात ज्याला हेरले त्याला त्याचा पत्ता नसणे ही अट आहे. पत्ता लागला की हेरणे फसले. ‘ताडणे’ म्हणजे अपुऱ्या खुणांवरून पूर्ण निष्कर्षावर घेतलेली उडी. ‘निवडणे’ हे तर मोठे चमत्कारिक क्रियापद आहे. आपण तांदूळ निवडतो, पण बोटे चालतात ती खड्यांवर.

‘ओळखणे’ या सर्वांहून वेगळे पडते, कारण त्याचे नाम ‘ओळख’ हे ज्ञानाचे जितके नाव आहे तितकेच नात्याचे. ‘माझी त्यांच्याशी ओळख आहे’ या वाक्यातील ‘शी’ हा प्रत्यय दुतर्फा संबंध सांगतो. ओळख ‘होते’, ‘वाढते’, ‘ठेवली जाते’. ती ‘दिली’ जाते आणि नाकारलीही जाते. ‘समोरून गेला, पण ओळख दिली नाही’ ही तक्रार ज्ञानाच्या अभावाची नव्हे, ती सौजन्याच्या अभावाची आहे. शिवाय ओळख ‘पटते’. ‘साक्षीदाराला आरोपीची ओळख पटली’ या रचनेत साक्षीदार चतुर्थीत जाऊन बसतो आणि कर्तृत्व ओळखीकडे जाते. ‘पटणे’ म्हणजे मनाला मान्य होणे. त्यामुळे न पटण्याची शक्यता या रचनेत सदैव शिल्लक राहते. संस्कृत शास्त्रकारांनी प्रत्यभिज्ञेचे नेहमीचे उदाहरण म्हणून ‘हा तोच देवदत्त’ हे वाक्य घेतले, तेव्हा त्यांनाही पूर्वानुभव आणि वर्तमान यांचा मेळ अभिप्रेत होता. ज्याला पूर्वी कधी पाहिलेलेच नाही त्याला ‘ओळखता’ येत नाही.

पॉल रिकर यांनी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात फ्रेंच ‘रेकोनेसाँस’ या शब्दाची अशीच फोड केली. प्रारंभी शब्दकोशांतील अर्थ तपासून ते वस्तू ओळखण्यापासून स्वतःला ओळखण्याकडे आणि तेथून परस्परांना मान्यता देण्याकडे जातात. क्रियापदाचा कर्तरी प्रयोग हळूहळू कर्मणीकडे, ‘ओळखले जाण्या’च्या मागणीकडे सरकतो. हा प्रवास सुंदर आहे. मात्र वासाहतिक राज्यात त्याची दिशा उलटी होती, आणि ते पाहण्यासाठी सोलापूरसारखे शहर रिकर यांच्या ग्रंथाइतकेच उपयोगी पडते.

सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ नावाच्या वसाहती आहेत. तीन इंग्रजी शब्दांचे हे नाव पत्त्यात लिहिणाऱ्या कित्येकांना त्यातील ‘फ्री’चा अर्थ आज जाणवत नसेल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने एखादी जमात, टोळी वा वर्ग पद्धतशीरपणे गुन्हे करतो असे मानण्यास कारण असल्यास त्यास ‘गुन्हेगार जमात’ म्हणून अधिसूचित करण्याचा अधिकार सरकारला दिला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढविली आणि बोटांचे ठसे घेण्याची तरतूद केली. १९२४ साली हे सर्व एकत्र बांधले गेले. मुंबई इलाख्यात ज्या ठिकाणी अशा जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवण्यात आले, त्यांत सोलापूरची वसाहत प्रमुख होती. पारधी, कैकाडी, टकारी, भामटा, कंजारभाट अशा जमातींची माणसे तेथे हजेरी देत आणि येथील गिरण्यांत राबत. कुंपणाबाहेर राहण्याची मुभा मिळालेल्यांची वस्ती ती ‘फ्री’.

या कायद्याचे क्रियापद कोणते? ते ‘ओळखणे’ नव्हे, कारण ओळखण्यासाठी एकेका माणसाजवळ जावे लागते. ते ‘पारखणे’ही नव्हे, कारण कसोटीच लावलेली नाही, जन्म हाच पुरावा होता. ते ‘ठरवणे’ आहे. १८७१ च्या कायद्यात अशी तरतूद होती की, अधिसूचना हाच निर्णायक पुरावा मानावा आणि तिच्या वैधतेची शंका कोणत्याही न्यायालयाने घेऊ नये. ‘ओळखणे’ चुकू शकते आणि चुकल्याचे कबूल करावे लागते. ‘ठरवणे’ चुकत नाही, कारण ठरविल्यानेच ते खरे होते. ठसे, नोंदवही, हजेरी ही ओळखीची साधने वाटतात. प्रत्यक्षात जे आधीच ठरले आहे ते हरवू नये म्हणून केलेली ती तजवीज होती.

येथे एक सोयीस्कर निष्कर्ष हाताशी येतो: इंग्रजी क्रियापद सत्तेचे, मराठी क्रियापद आपुलकीचे. तो टिकणारा नाही. ‘मी तुला चांगला ओळखून आहे’ हे वाक्य मराठीत धमकी म्हणूनच उच्चारले जाते. ‘भामटा’ हे एका समाजाचे नाव आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ‘राजपूत भामटा’ अशी नोंद आहे आणि त्याच वेळी ‘भामटा’ म्हणजे ठक हा अर्थ कोणत्याही मराठी शाळकरी मुलाला ठाऊक असतो. ‘बेरड’ या शब्दाचीही हीच गत. हे अर्थ कोणत्याही राजपत्राने प्रसिद्ध केलेले नव्हते. अधिसूचनेने जे शाईने केले ते भाषेने आधी तोंडी केले होते, आणि कायदा गेल्यावरही ती ते करीत राहिली. मराठी समीक्षेने ‘शिवीचे समाजशास्त्र’ अशा शीर्षकाखाली या शब्दांकडे पाहिले तरी ती शब्दकोशाकडे मात्र निरागस नजरेने पाहते, हे खटकते.

या पार्श्वभूमीवर लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांची शीर्षके पुन्हा पाहावीत. दोन्ही नावे दुसऱ्यांनी दिलेली आहेत. ‘उपरा’ हा शब्द निदान संबंध तरी सांगतो: कोणाच्या तरी गावात, कोणाच्या तरी दृष्टीने उपरा. ‘उचल्या’त तेही नाही, तेथे कृतीच माणसाचे नाव होऊन बसते. साहित्य अकादमीने १९९८ साली प्रकाशित केलेल्या इंग्रजी अनुवादाचे शीर्षक ‘द ब्रँडेड’ आहे. मराठी शब्द कर्तरी आहे, उचलणारा तो उचल्या. इंग्रजी शब्द कर्मणी आहे, ज्याच्यावर डाग दिला गेला तो. अनुवादकाने अर्थ बदलला असे म्हणता येईल. पण त्याने पुस्तकाचा युक्तिवाद शीर्षकात आणला असेही म्हणता येईल. तरीही मूळ शीर्षक अधिक धीट वाटते. ‘द ब्रँडेड’ वाचकाला आधीच निर्दोष ठरवून टाकते; ‘उचल्या’ मात्र मुखपृष्ठावरच त्याच्या तोंडी ती शिवी घालते आणि मग पुस्तक वाचायला लावते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि ‘गुन्हेगार’ जमाती ‘विमुक्त’ झाल्या. क्रियापद मात्र सुटले नाही, त्याचे प्रयोजक रूप झाले. आज महाराष्ट्रात विमुक्त जातींसाठी ३ टक्के आरक्षण आहे, आणि ते मिळविण्यासाठी जातपडताळणी समितीपुढे आपली ओळख ‘पटवून’ द्यावी लागते. ‘पटणे’ हे ज्ञात्याच्या मनात घडत होते. ‘पटवणे’ ही ज्याला ओळखायचे त्याची जबाबदारी आहे. आजोबांना न विचारता जे ठरविले गेले, तेच नातवाने कागदानिशी सिद्ध करावयाचे. विमुक्त आणि भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख मानीव धरली जाते. त्यापूर्वीचा वास्तव्याचा पुरावा भटक्याच्या बिऱ्हाडात कोठून निघावा? निघालाच तर कदाचित एखाद्या हजेरीपटातून निघेल. पडताळणीला विरोध करावा असे यातून निघत नाही, कारण खोटे दावे होतात आणि त्यांची झळ याच समाजांना लागते. परंतु न्याय मिळविण्यासाठी जुन्या अन्यायाचीच नोंद पुरावा म्हणून हाती धरावी लागावी, यातील विसंगती कोणत्याही पारिभाषिक संज्ञेने झाकली जात नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरविला. तोवर त्या नियमांत विमुक्तांकडे पाहण्याची जुनी दृष्टी टिकून होती.

साहित्यशास्त्रात ओळखीची चर्चा ॲरिस्टॉटलपासून चालत आली आहे. बाह्य खुणांनी पटलेली ओळख त्याने सर्वांत कमी कलात्मक मानली. ‘अभिज्ञानशाकुंतला’त तर अंगठीशिवाय काहीच चालत नाही, म्हणून समीक्षकांनी दुष्यंताच्या विस्मृतीवर आणि शापावर भरपूर लिहिले. अंगठी राजाकडे परत येते तो सहाव्या अंकाच्या आरंभीचा प्रवेशक त्या मानाने दुर्लक्षित राहिला. माशाच्या पोटात अंगठी सापडलेल्या कोळ्याला शिपाई चोर म्हणून बांधून आणतात, त्याच्या जातीच्या धंद्याची थट्टा करतात, आणि त्याला मारण्यासाठी त्यांचे हात शिवशिवतात. राजाला अंगठीची ओळख पटते, कोळी सुटतो, बक्षीस मिळते. त्यातील अर्धे तो शिपायांना देतो आणि सगळे मिळून मद्याच्या दुकानाकडे जातात. त्या दोन शिपायांना सूचक आणि जानुक अशी नावे आहेत. कोळ्याला नाव नाही.