हिरवी बोंडं

हैदराबादच्या बरकतपुऱ्यात जुनी घरं आता शोधावी लागतात. चप्पल बाजाराकडून आत वळल्यावर एका गल्लीत असंच एक घर होतं आणि त्याच्या माडीवर आम्ही चार वर्षं भाड्यानं राहिलो. भाडं महिन्याच्या पाच तारखेला द्यायचं आणि ते दोन पाकिटांत, कारण घराची वाटणी झालेली होती.

घर बांधलं आमच्या दोघी घरमालकीण काकूंच्या सासऱ्यांनी, निजामाच्या अमदानीत. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला तेव्हा कचेरीतली मराठी माणसं बदल्या घेऊन औरंगाबाद-नांदेडकडे निघाली. सासरे मात्र इथंच राहिले. ते वारल्यावर दोन भावांच्या दोन चुली झाल्या. रस्त्याकडचं दक्षिणेचं अंगण थोरल्याला गेलं. धाकट्याला मागच्या खोल्या आणि घर नि कुंपणाची भिंत यांच्यामधला उत्तरेचा बोळ. बोळात शहाबादी फरशी, फरशीला हिरवं शेवाळ आणि वर शेजारच्यांचा आंबा पसरलेला. बोळ घराला वळसा घालून अंगणाला मिळतो तिथं तारेची जाळी ठोकली. भाऊ एकमेकांशी बोलत होते, वाद काही नव्हता. पण ऊन कुणाकडे गेलं हे जावांना रोज सकाळी दिसत होतं.

थोरल्या काकूंच्या अंगणात पावसाळ्यात झेंडू, थंडीत शेवंती. धाकट्या काकूंनीही हट्टानं बोळात झेंडूच लावला. रोपं उजेडाकडे मान काढत कमरेएवढी वाढली, काड्यांसारखी, आणि फुलं आली ती दोन. दुसऱ्या वर्षी पुन्हा झेंडू, कारण जाऊबाईंकडे झेंडू होता. (माणूस आपल्या जागेला काय हवं हे विचारण्याआधी शेजारच्या जागेत काय आहे हे बघतो. मीही बघते.)

तिसऱ्या वर्षी कोपऱ्यावरच्या तेलुगू आंटींच्या धुण्याच्या दगडामागे धाकट्या काकूंना गुलाबी फुलं दिसली, चार बोटं उजेडातली. आंटी म्हणाल्या, काशीतुंबा. काकूंनी ओळखलं, हा तर आपला तेरडा. मूठभर बी आणलं. मृगशिरा कार्तीला, म्हणजे जूनच्या सात-आठ तारखेला, अख्खं हैदराबाद दम्यासाठी माशाचा प्रसाद घ्यायला नामपल्लीच्या नुमाइश मैदानावर लोटतं. त्या दिवशी काकूंनी बोळात बी टाकलं, वर नखभर माती. आठवड्यात उगवलं. दोन महिन्यांत बोळ पांढरा, गुलाबी, जांभळा.

थोरल्या काकू जाळीपाशी आल्या, बघितलं आणि हसून म्हणाल्या, "तेरड्याचा रंग तीन दिवस, गं."

म्हणच ती. सगळेच म्हणतात. पण धाकट्या काकूंना ते वाक्य सोळा वर्षं पुरलं.

बोळ मात्र सुधारत गेला. एकदा नुमाइशीतून, म्हणजे त्याच मैदानावरच्या प्रदर्शनातून, त्यांनी टोरेनियाचं पाकीट आणलं. वीतभर उंचीचं झाड, निळ्या फुलाचा ओठ जांभळा आणि गळ्यात पिवळा ठिपका. बी म्हणजे धूळच. शिंक आली तर पाकीट रिकामं. पहिल्यांदा त्यांनी ते वालाच्या बियांसारखं मातीत खुपसलं. एकही उगवलं नाही. पुढच्या वेळी कोरड्या वाळूत मिसळून मातीवर नुसतं भुरभुरलं, वर माती घातलीच नाही, काच ठेवली आणि कुंडी पाण्याच्या परातीत उभी केली, म्हणजे पाणी खालून चढेल, बी वाहून जाणार नाही. भरभरून आलं. "बघ," त्या मला म्हणाल्या, "वाढायला सावली चालते, पण उगवायला उजेड लागतो. मी आपली गाडत बसले होते."

आम्ही राहायला गेलो त्याच वर्षी गल्लीच्या पलीकडे, दक्षिणेला, जुना बंगला पाडून पाच मजले चढले. उन्हाळ्यात फरक कळला नाही, तेव्हा इथं सूर्य डोक्यावरच असतो. पण दिवाळीनंतर तो दक्षिणेकडे कलतो आणि नेमकं शेवंतीच्या दिवसांत थोरल्या काकूंचं अंगण दिवसभर इमारतीच्या सावलीत. कळ्या धरल्या, उमलल्या नाहीत. काकूंनी कुंड्या इकडून तिकडे ओढल्या, एका गुडघ्याचं दुखणं वाढवून घेतलं आणि मग ओढणं बंद केलं.

पुढच्या भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघी थोरल्या घरीच बसतात. वाटणीत मुखवटे तिकडे गेले. धाकट्या काकू तीन दिवस तिकडेच राबतात, सोळा भाज्या निवडतात. त्या वर्षी थोरल्या काकूंनी झेंडूही लावला नव्हता, तो गुडीमलकापूरच्या फुलबाजारातून विकत आणावा लागला. विसर्जनाच्या संध्याकाळी ताटं पुसताना थोरल्या काकू म्हणाल्या, "तुझ्या तेरड्याचं थोडं बी देशील का? माझ्याकडे आता तेच येईल."

"देते की, ताई."

आणि त्यांनी दिलं. पुढचं मला खुद्द धाकट्या काकूंनी सांगितलं, त्याच बोळात, पायरीवर बसून.

तेरड्याचं बोंड पिकलं की फुगतं, किंचित फिकट होतं आणि बोट लागताच फुटतं. साल पाच पट्ट्यांत वळते आणि तपकिरी बी तीन-चार हात उडतं. पिकलेलं बोंड तोडायचं तर आधी मुठीत झाकावं लागतं. काकूंनी मूठ धरलीच नाही. कोवळी, हिरवी, टणक बोंडं खुडली, नखानं उकलली आणि आतलं पांढरं बी कागदावर वाळवून पुडी बांधली. वाळून ते मोहरीच्या फोलासारखं झालं होतं. "असं बी जन्मात उगवत नाही," काकू म्हणाल्या, "आणि ते ठाऊक होतं म्हणूनच दिलं."

मृग लागला. थोरल्या काकूंनी आठ कुंड्या भरल्या, शेणखत मिसळलं, पुडी सोडली. आठवडा गेला, दहा दिवस गेले. रोज सकाळी तांब्या घेऊन त्या कुंडीपाशी वाकायच्या, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून. धाकट्या काकूंच्या मागच्या खोलीच्या खिडकीतून जाळी दिसते, जाळीतून कुंड्या दिसतात. त्यांनी खिडकीला पडदा लावला.

चौदाव्या दिवशी हाक आली. "अगं, इकडे ये. हे बघ काय!"

जाळीच्या पलीकडे, थोरल्या काकूंच्या हद्दीत, भिंतीच्या कडेनं ओळीनं तेरडा उगवला होता. गेल्या वर्षी फुटलेली बोंडं जाळीची भोकं ओलांडून तिकडे बी टाकून गेली होती. दोन-दोन पानांची चाळीस-पन्नास रोपं.

"मी इथं काहीच पेरलं नाही," थोरल्या काकू म्हणाल्या. "कुंडीत पेरलं ते येईना आणि हे बघ."

धाकट्या काकूंनी "हौ" म्हटलं आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेल्या. दूध गॅसवर नव्हतं.

त्या रात्री झोप आली नाही. पहाटे पाचला डब्यातलं पिकलं बी चिमटीत घेऊन त्या जाळीचं फाटक उघडून अंगणात गेल्या. अनवाणी, चोरासारख्या. आठही कुंड्यांत बोटानं खड्डे केले, पाच-पाच दाणे टाकले, माती सारखी केली. वळून बघितलं तर थोरल्या काकूंच्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला. खिडकीत कुणी दिसलं नाही.

सातव्या दिवशी कुंड्या उगवल्या.

"उशिरा आलं गं तुझं बी," थोरल्या काकू म्हणाल्या. एवढंच.

भाद्रपदात महालक्ष्म्यांपुढे दोन्ही बाजूंचा तेरडा होता; कोणता कुठला ते सांगता आलं नसतं. मुखवट्यांभोवती थोरल्या काकूंनी गजरा बांधला, धाकट्या काकूंनी सुई ओवून दिली, कारण थोरल्या काकूंना आता जवळचं दिसत नाही.

विसर्जनानंतरच्या रविवारी दोघी जाळीपाशी स्टुलं टाकून बी धरत होत्या. मी माडीवर कपडे वाळत घालत होते. धाकट्या काकूंचा हात घाईनं एका बोंडाकडे गेला.

"ते नको," थोरल्या काकू म्हणाल्या. "ते हिरवं आहे. वर्षभर वाट बघायला लावतं ते."

धाकट्या काकूंचा हात तिथंच राहिला. थोरल्या काकूंनी मान वर केली नाही. त्यांनी शेजारचं फिकट बोंड मुठीत झाकलं, आतल्या आत ते फुटल्याचा बारीक आवाज झाला आणि मूठ त्यांनी तशीच जावेपुढे धरली.

"हं, ओंजळ कर."